उशुआया की पुंता अरेनास?

माणसं तुम्ही हरवता आणि मग आम्हालाच विचारता, "शेवटचा कुठं दिसला होता?" रांगेत दिसला होता, साहेब! तुमच्याच खरेदी केंद्राच्या रांगेत, कापसाच्या गाडीवर बसलेला. गाडी राहिली, बैल राहिले, आमच्या गजाननचा मोठा भाऊ संतोष तेवढा गेला. आम्ही त्याचा फोटो घेऊन आर्णी, पांढरकवडा, यवतमाळ पालथं घातलं. तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत.

असो. सांगायला बसले होते बंडूभाऊंच्या सायबर कॅफेतले किस्से. घाटंजीतलं एवढंसं दुकान, तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन. माणूस झेरॉक्सला जायचा आणि चार किस्से घेऊन यायचा. त्या एका आठवड्यात मात्र इतके साचले की कोणाला सांगावेत कळेना.

*

गजानन नागपूरहून हॉटेल मॅनेजमेंट करून आला होता. त्याला परदेशी प्रवासी जहाजाच्या किचनमध्ये नोकरी लागली. एजंट म्हणाला, दोन जहाजं आहेत. एक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतं, दुसरं चिलीतल्या पुंता अरेनासहून. कुठून चढणार ते शुक्रवारी सांग.

मी नकाशा उघडला. खाली, अजून खाली, जमीन संपते तिथपर्यंत!

बंडूभाऊ म्हणाले, "अबे, आपन तं पांढरकवड्याच्या खालतं कधी गेलो नाही!"

*

पुंता अरेनासबद्दल मी वाचून दाखवलं. तिथं वारा असा सुटतो की लोकांना धरून चालता यावं म्हणून रस्त्यात दोर बांधतात.

बंडूभाऊंनी गजाननच्या काटकुळ्या अंगाकडे पाहिलं. "याले तं दोरालेच बांधून ठेवा लागन!"

गजानन हसला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या हसण्यावर खूश होऊन मी म्हणाले, "थांब, दोन्ही शहरं वेबकॅमवर बघू." आयडिया माझीच!

*

उशुआयाचा कॅमेरा बंदरावर होता. आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. चित्र हलायचं नाही, थोड्या थोड्या वेळाने बदलायचं. निळं पाणी, बर्फाचे डोंगर, रिकामा धक्का. धक्क्याच्या टोकाला पाठमोरा एक माणूस. डोक्याला पांढरा दुपट्टा, आपल्याकडे बांधतात तसा.

"टुरिस्ट असेल," मी म्हणाले.

चित्र बदललं. बोट गेली, ढग सरकले. माणूस तिथंच, एक पाय दुसऱ्या पायावर टेकवून.

"पुतळा असन," बंडूभाऊ म्हणाले.

पुढच्या चित्रात पुतळ्याने पाय बदलला होता!

गजानन हळूच म्हणाला, "दादा असाच उभा राह्यते."

*

मला राग आला. शिकलेली माणसं ना आपण? मी तडक पुंता अरेनासचा कॅमेरा लावला. चौक, बाक, झाडं. वारा असणार, कारण झाडं सगळी एका बाजूला वाकली होती. बाकामागे तो उभा होता, पाठमोराच. त्याच्या दुपट्ट्याचं टोक मात्र सरळ खाली लोंबत होतं.

"एक माणूस दोन शहरांत कसा असेल? स्क्रीनवर डाग आहे!" मी ओढणीने काच पुसली. नाही गेला. मग आम्ही मशीन बदललं.

डाग तिथंही होता. जरा मोठा.

*

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी: "नेट बंद आहे." नेट चालू होतं. आत तिन्ही मॉनिटरपुढे अगरबत्त्या!

"भाऊ, तुम्ही तर देव मानत नाही ना?"

"नाहीच मानत," बंडूभाऊ मागे न बघता म्हणाले. "हा देव थोडीच हाय!"

*

शुक्रवारी गजाननने आईला आणलं. वेचणीवरून थेट, कमरेची कापसाची ओटी अजून सोडलेली नव्हती. पाटी असूनही एक म्हातारेबाबा सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी बाकावर बसून होते. इथलं त्यांना काही माहीत नव्हतं.

मी आधी एक शहर दाखवलं, मग दुसरं. आई दोन्ही वेळा स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. हात लावला नाही.

"दादा दोन्हीकडं दिसते, आई," गजानन म्हणाला. "मी चुकीच्या गावाले गेलो तं? थो दुसऱ्या गावाले माही वाट पाहत राह्यला तं?"

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, यातलं थंड गाव कोन्तं वं?"

"दोन्ही थंडच, काकू. उशुआया थोडं जास्त."

"मंग तिकडंच जाय, गजा. त्याच्यापाशी स्वेटर नाही."

बंडूभाऊ तोंड फिरवून झेरॉक्सच्या झाकणाची उघडझाप करत बसले. मी उशुआयाचा कॅमेरा परत लावला. तेवढ्यात एजंटचा फोन आला. गजाननने फोन कानाला लावला, घसा साफ केला.

स्क्रीनवरचं चित्र बदललं.

आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो. फोनमधून एजंट "हॅलो, हॅलो" करत होता. मागून म्हातारेबाबा काठी टेकत उठले, आमच्या खांद्यांवरून वाकून त्यांनी स्क्रीन पाहिला आणि गजाननला म्हणाले,

"तू कायले चालला बाप्पा? थो तं इकडंच येऊन राह्यला."