एका बोटाची डायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न विचारलेलंही सांगतो. माझ्या फजित्या मीच चवीने सांगत फिरतो. ही मात्र दर वेळी अर्ध्यावर थांबवली.

मालवणजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे शाळेत एक कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, ते मी रुमालाने टिपलं — एवढ्या पात्रतेवर मला त्याचा प्रमुख नेमलं. मदतीला फिलोमिना बाई. देवबागच्या. नेमणूक तात्पुरती, जूनमध्ये कायम व्हायच्या होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. टायपिंग शिकलेल्या. त्यांची दहा बोटं चालायची, माझं एक. सगळी शाळा त्या बोटाला हसायची.

त्या बोटाला वाईट खोड लागली. शाळा सुटल्यावर मी कॉम्प्युटरवर डायरी लिहू लागलो. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. फ्लॉपीत घातलं की विहिरीत टाकल्यासारखं — कोण वाकून बघणार? हेडमास्तर कुर्लीसारखे तिरके कसे चालतात, संस्थेचे अध्यक्ष स्वतःच्याच भाषणाला टाळ्या कशा देतात... तुम्ही लिहिलं नसतंत?

एके दुपारी मी जेवायला गेलो आणि फ्लॉपी यंत्रातच राहिली. हेडमास्तरांनी अध्यक्षांना प्रिंटर दाखवायला म्हणून मी शिकवलेली कळ दाबली. करकरत चार पानं बाहेर आली. थांबवायचं कसं, ते मी शिकवलंच नव्हतं!

संध्याकाळी बाईंना आणि मला ऑफिसात बोलावलं. हेडमास्तर स्वतःचीच नालस्ती एकेक अक्षर लावत वाचत होते. हसू येतंय ना? मलाही येत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "इंग्रजी अक्षरांनी आपली भाषा कोण लिवता? ह्येंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात असता तशी." नजर बाईंकडे. खरंच होतं — किरिस्तांव घरांत पुस्तकं, पत्रं तशीच असायची. गावात कुणाला दुसरं काही सुचलंच नसतं.

"माजां न्हय ता," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी सांगा."

आणि मी काय केलं? — मी ते बोट वर केलं. "साहेब, ह्या बोटाने चार पानं? मधेच रिटायर होईन मी!"

सगळे हसले. हेडमास्तरसुद्धा. बाई नाही.

किस्सा मी इथेच संपवतो. डायरी कुणाची ते कळलंच नाही, म्हणतो. लोक पोट धरून हसतात.

पण संपलं कुठे होतं? बाईंना कायम करायचं की नाही, ते शनिवारी ठरणार होतं. शुक्रवारी त्या कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या, यंत्रातली ती फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. "हेच्यात आणखी एक पान आसा. त्यांका दिसूक नाय. मी छापलां तर म्हणतले, ह्यां पान पण हिणाच लिवलां. तुमी दाखवा, सर." एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

त्या गेल्यावर मी ते पान उघडलं. 'आज फिलोमिना बाईंनी तीच कळ मला चौथ्यांदा शिकवली. बाई नसत्या तर माझी अब्रू केव्हाच गेली असती.' माझंच वाक्य. कागद प्रिंटरला लावलेला होता. मी पान पुसलं. नुसतं ते नाही — अख्खी फ्लॉपी.

शनिवारी बाईंना नकार मिळाला. मी नोकरी पुरी करून निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात माझ्या विनोदबुद्धीचं कौतुक झालं.

एकदाच त्या भेटल्या. मालवणच्या मासळीबाजारात, बऱ्याच वर्षांनी. केस पिकलेले. मला वाटलं — आता ह्या बोलणार. त्या हसल्या. "बरे आसात मां, सर?"

इतक्या जवळ उभ्या होत्या. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं.

"बरो आसंय," मी म्हटलं, आणि कोळणीकडे वळून विचारलं, बांगडे ताजे आहेत का.