पिच्चरात मला हाक कुणी मारली?

मी सांगतीया, नात प्राजू लिहितीया.

आज दुपारी दोघी भुताचा पिच्चर बघून आलो. भूत म्हंजे तोंडाला पीठ फासलेली बाई, हातात घड्याळ तसंच. मागचं पावणं म्हणालं, "हिच्यापरीस माझी सासू भारी." सगळं थेटर हसलं, मीबी हसले.

तेवढ्यात हाक आली, "गोदे." भूत तीनदा हाक मारत न्हाय, म्हणून माणूस दिसत नसंल तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, हे मीच पोरींना शिकवलंय. आणि मीच पहिल्या हाकेला ओ देऊन बसले.

बाहेर आल्यावर प्राजू म्हणाली, "आज्जी, पिच्चरात गोदा कुणीच न्हाय की."

मला गोदे म्हणणारं आता कुणी उरलं न्हाय.

पिच्चर भंगार हाय असं सगळीच लिहित्यात, ते मलाबी कळतंय. बघितलेल्यांनो, एवढंच सांगा, ती हाक तुमास्नी ऐकू आली का?