‘फक्त मराठी’

फिल्टर कॉफीचा वास आला की मला आमच्या कानडी शहरातल्या नजरबाद भागातलं एक घर आठवतं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फक्त मराठी’ असा नियम होता आणि त्या घरातले आजोबा रोज अर्धे कानडी व्हॉइस मेसेज टाकायचे. महाराष्ट्रातून आलेले सभासद वैतागले, म्हणून ॲडमिन या नात्याने मी त्यांना समजवायला गेले. त्यांनी गरम कॉफी पुढे ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवत म्हणाले, “हौदु, होय बाळ, नियम पाळायलाच पाहिजे. पण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच मराठी बोलतात की. दुसरी मला येत नाही.” तो नियम मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. आजोबा अजून ग्रुपवर आहेत, पण तेव्हापासून व्हॉइस मेसेज नाही, फक्त जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात.