ब्रेकबाई आणि घरचेच पहारेकरी

गाडी शिकवणाऱ्या या बाईला सगळे ब्रेकबाई म्हणतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर तिने अर्धं गाव रस्त्यावर आणलं. गाडीसकट, बरं का! भीती म्हणून काही तिला माहीतच नव्हती. नवरा तेवढा तिच्याकडे शिकला नाही. "संसाराचं स्टिअरिंग तुझ्याकडेच राहू दे," म्हणायचा आणि मागच्या सीटवर खुशाल घोरायचा.

त्याच्या यकृतातली गाठ काढली. ऑपरेशन छान झालं म्हणाले. दोन-तीन दिवसांत त्याचे डोळे पिवळे पडले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कापताना रक्त वाहून जाऊ नये म्हणून यकृताकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडवलं होतं. ते परत सोडल्यावर तिथल्या पहारेकरी पेशी बिथरल्या. हल्ला झाला समजून त्यांनी रक्तातल्या आणखी पेशी बोलावल्या.

"शत्रू सापडत नाही, मग त्या यकृतालाच झोडपतात."

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा की."

"थोडंफार सगळ्यांनाच होतं. बहुतेकांचं निवळतं."

"आणि ज्यांचं निवळत नाही?"

डॉक्टरीणबाई कागद चाळू लागल्या.

कुणी दावा साधला असता तर ब्रेकबाईने शिव्या तरी घातल्या असत्या. पण हे तर तिच्या रोजच्या पाहण्यातलं. समोर कुत्रं आलं की शिकाऊ माणूस घाबरतो आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. तिथे तिचा पाय पोचायचा. इथे कसा पोचणार? तिला पहिल्यांदाच भीती वाटत होती. नवऱ्याला मात्र म्हणाली, "पिवळा रंग शोभतो हो तुम्हाला."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. "काका, गाडी थांबवायला हात दाखवतो ना, तसे दोन्ही हात पुढे धरा." मग ब्रेकबाईला हळूच म्हणाल्या, "यकृत थकलं की मेंदूवर परिणाम होतो, हात फडफडतात. स्थिर राहिले तर चांगलं."

त्याने हात धरले. स्थिर होते. ब्रेकबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मनगटं गळाली, सावरली, पुन्हा गळाली.

तिचा चेहरा बघून तो हसला. "अगं, घाबरतेस काय? टाटा करतोय तुला."

तिने झडप घालून ते हात घट्ट धरले.

"सोडा काकू, मला नीट बघायचंय."

तिला ते सोडवेनात.