बटाट्याच्या पट्ट्यांचं वजन

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला एक रविवार. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या बैठकीला अकरा सभासद हजर होते आणि प्रश्न महिन्याला आठ हजार आठशे रुपयांचा होता. कुंपणालगतच्या सहा सोनचाफ्यांसाठी गोड्या पाण्याचे चार टँकर घ्यायचे, की बोअरचं पाणी द्यायचं? बोअरचं पाणी मचूळ आहे, पण फुकट आहे. मी खजिनदार. माझी मुलगी सभासद नव्हती, तिला मुद्दाम बोलावलं होतं.

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. ते चाफे तिनं शाळेत असताना इमारतीतल्या मुलांबरोबर लावले होते. मचूळ पाण्यानं ते मरतील, असं तिचं म्हणणं. नुसत्या बोलण्यावर कुणी ऐकणार नाही, म्हणून तिनं घरी बटाट्याचा प्रयोग मांडला. सारख्या मापाच्या पट्ट्या कापायच्या, तोलायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा तोलायच्या. गोड्या पाण्यात बटाटा पाणी ओढून घेतो आणि जड होतो. पाण्यात क्षार असले की त्याला तेवढं ओढता येत नाही. मुळांचंही तसंच, जमीन ओली दिसते आणि झाड तहानलेलं राहतं. पाणी कुठून कुठे जाईल हे ज्या मापावरून ठरतं त्याला जलविभव म्हणतात, असं तिनं मला सांगितलं.

तोलण्याचं काम मी मागून घेतलं. द्रोणागिरीच्या एका गोदामात मी बावीस वर्षं वजनकाट्यावर आहे. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी. ताडपत्रीवर साचलेलं पाणी आधी पाडून टाकायचं, कारण ते मालाचं वजन नव्हे. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी पट्ट्या बाहेर काढल्या आणि त्याच शिस्तीनं एकेक पंच्यात गुंडाळून चांगली दाबली. रात्री दोन्ही वाट्यांत वीस-वीस ग्रॅम पट्ट्या टाकल्या होत्या. आता गोड्या पाण्यातल्या एकवीस पूर्णांक एक भरल्या, बोअरच्या पाण्यातल्या वीस पूर्णांक नऊ.

तिनं आल्या आल्या पंचा उचलून पाहिला. तो चिंब होता.

"बाबा, दाबल्यात का? नुसतं वरचं पाणी टिपायचं होतं. आत ओढलेलंही निघून गेलं असणार."

विषय एक आठवडा पुढे ढकला, असं तिनं विनवलं. नव्या पट्ट्यांना आणखी एक रात्र लागणार होती आणि बैठक तासाभरावर आली होती. हवे तसे आकडे येईपर्यंत तोलत राहणं मला लबाडीचं वाटलं. मी म्हणालो, "एकदा पावती छापली की वजन बदलायचं नसतं."

"काटा नाही चुकला, बाबा. पट्ट्या बिघडल्या."

बैठकीत मी आकडे जसेच्या तसे वाचले. पट्ट्या दाबून पुसल्या होत्या, हेही सांगितलं. त्यानं काय फरक पडतो ते मात्र मी समजावलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. उरणच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे राहायला आलेले एक काका आहेत, सगळा जन्म खाडीवर गेलेला. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या बटाट्यालाच गोडं-खारं कळत नाय, तर झाडाला काय कळणार?"

सगळे हसले. ती बोलायला उठली आणि आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मतांसाठी ठराव वाचायला घेतला होता. बोअरच्या बाजूनं नऊ हात वर झाले, त्यात एक माझा होता.

मेच्या मध्यावर चाफ्यांच्या पानांच्या कडा करपल्या. पानं गळू लागली तशी पाणी कमी पडतंय असं समजून आम्ही दिवसाआडऐवजी रोज बोअर सोडू लागलो. बुंध्याशी चिखल आणि वर काटक्या.

तिनं कॉलेजात तोच प्रयोग पुन्हा केला होता. एकदा जेवताना तिनं आकडे सांगितले. गोड्या पाण्यात तेवीस पूर्णांक चार, बोअरच्या पाण्यात एकवीस पूर्णांक दोन. एवढं सांगून तिनं भात वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या खर्चानं एक टँकर मागवला. दोन चाफ्यांना बारीक पालवी आली, आठवड्यात तीही सुकली.

तोडणारे आले त्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर कॉलेजला निघून गेली. वाळलेली सहा झाडं तोडून उचलून नेण्याचे तीन हजार पाचशे रुपये झाले. ते सोसायटीच्या बागखात्यातून मी त्यांच्यातल्या एकाच्या हातात रोख दिले.