जगाला कळलं, माझ्या फोनला नाही

जुन्या साड्यांच्या गोधड्या हा माझा धंदा. शिवतात तळवली गावातल्या चार बायका, विकते मी. गेल्या वर्षी ऐन थंडीच्या तोंडावर आमचं सोशल मीडियावरचं पान एका सकाळी बंद पडलं. का, ते कोणी सांगेना. ऑर्डरी थांबल्या. बायका म्हणाल्या, थोडे दिवस बघू, नाहीतर पॅकिंगच्या कामाला जाऊ. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी ठरवलं, आता दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडायचं नाही. स्वतःची वेबसाइट करायची. पण नाव तेच हवं होतं, कारण प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला त्या नावाची पट्टी शिवलेली आहे. विकलेल्या गोधड्यांच्या पट्ट्या कोण उसवत बसणार?

मुलगी ऐरोलीत कंप्युटरवरच काम करते. ती म्हणाली, "आई, आधी नाव मोकळं आहे का बघ." मी ओट्याशी उभ्या उभ्या फोनवर टाइप केलं. एवढ्या मोठ्या जगात ते नाव कोणीच घेतलं नव्हतं. मागे कुकर शिट्ट्या देत होता, मी जागची हलले नाही.

फ्लॅटच्या वेळी कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत उभे राहिलो होतो आम्ही! इथे नाव, पत्ता, पैसे, संपलं. तुमचा नंबर लोकांपासून लपवायचा का, असंही विचारलं. लपवा म्हटलं.

"म्हणजे आता मालकीचं झालं?" नवऱ्याने विचारलं.

"छे. वर्षाच्या भाड्याने. दर वर्षी भरायचं."

"मग काय, आपल्या सोसायटीच्या जमिनीसारखंच, तीही भाडेपट्ट्यानेच. नवी मुंबईत मालकीचं काय आहे कोणाचं?"

रविवारी मुलीने फोटो चढवले, नाव जोडलं आणि म्हणाली, "आता जगभर कळायला काही तास लागतील."

"सांगतं कोण?"

"कोणी नाही. एक मशीन दुसऱ्याला विचारतं, ते तिसऱ्याला."

मी दर थोड्या वेळाने पत्ता टाकून पाहत होते. फोन म्हणे, असं काही नाहीच. तेवढ्यात मस्कतहून नणंदेचा फोन; तिलाही पत्ता पाठवला होता. "वहिनी, उघडलं! पहिलीच ती तांबड्या काठांची, ना?"

"अगं, इथे दिसत नाहीये."

"घरचं कार्य आणि तुम्हालाच आमंत्रण नाही?" ती खो खो हसली आणि शेजारणीसाठीही मागणी नोंदवली.

मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण त्या दुपारी मी चक्क खुर्चीत बसून राहिले. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा यंत्राला कळलं होतं की घणसोलीत एका बाईने दुकान मांडलंय. मुलगी म्हणाली, "मी नाव जोडायच्या आधीपासून तू डोकावत होतीस. तेव्हाचं 'नाही' हे उत्तर तुझ्या फोनच्या लक्षात राहिलंय. विसरेल थोड्या वेळाने."

संध्याकाळपर्यंत नागपूरच्या एका अनोळखी बाईंचीही ऑर्डर आली. मी साड्यांचं गाठोडं घेऊन तळवलीला गेले आणि सांगितलं, पॅकिंगला कोणी जायचं नाही, कापायला घ्या.

चौघींतल्या थोरल्या काकूंनी सुईत दोरा ओवत विचारलं, "पन दुकान हाय कुठं?"

"सगळीकडे," मी म्हटलं. "मस्कतला, नागपूरला."

"बगू."

मी फोन पुढे केला. पान कोरंच.

"सगलीकडं हाय, मंग तुज्याच फोनान का नाय?"

मी त्यांच्यापुढे साड्या ठेवल्या.