हाकेला ओ

आज काय आहे, आठवतंय का कुणाला?
नाही ना. वाटलंच. बदाम खात जा.

आमच्या ह्यांना जाऊन आज वर्ष झालं.

मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या, टोमणे माझे.

लग्न झालं तेव्हा हे सातपूरच्या एका कारखान्यात साधे क्लार्क होते. ऐंशीनंतर तिथे मोठा कॉम्प्युटर आला, युनिक्सवाला. ह्यांना एसीच्या खोलीत बसवलं.
भर मे महिन्यात माणूस स्वेटर घालून द्वारका चौकात बसची वाट बघायचा. लोक वळून वळून बघायचे.

मी विचारलं, "तिथे करता तरी काय?"

"पडद्यावर न दिसणारे प्रोग्रॅम मागे सतत चालू असतात. एक छपाई सांभाळतो, एक निरोप पोचवतो. एखादा गुपचूप बंद पडला तर कुणाला पत्ता लागत नाही. मी लक्ष ठेवतो. पडला की परत उठवतो."

"म्हणजे स्वयंपाकघरातल्या बाईसारखे. चहा आला नाही की मगच कळतं."

हसले नाहीत. विचारात पडले.

मग त्यांनी लक्ष ठेवणारा प्रोग्रॅमच लिहिला. राखणदार. सगळे जागेवर आहेत ना, हे तो अधूनमधून बघायचा.

आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पगाराच्या चिठ्ठ्याच छापून निघेनात.

राखणदार म्हणत होता, सगळं ठीक. छपाईवाला जागेवर होताच की. पण आतून अडकलेला, काम शून्य.
कामगार खिडकीशी उभे, साहेब ह्यांच्या डोक्यावर.

घरी आले ते चप्पल न काढताच म्हणाले, "माझं चुकलं गं. तो आहे का, एवढंच बघत होतो. त्याला काही विचारतच नव्हतो."

मग राखणदार बदलला. प्रत्येकाला काहीतरी बारीकसं काम द्यायचं. उत्तर आलं तरच तो चालू. नाही आलं तर बंद करून पुन्हा सुरू.

ती सवय घरी आली.
पेपर वाचता वाचता हाक यायची, "आहेस का गं?"
"अहो, समोर तर बसलेय."
"दिसतेस. पण ओ दे."

एकदा मी चिडवलं, "तुमचा राखणदारच बंद पडला तर?"
"मी आहे ना."
"आणि तुम्ही?"
"हाक आली नाही तर तू ये बघायला."

रिटायर झाले, हाक चालूच राहिली.

गेल्या वर्षी याच दिवशी मी मेथी निवडत होते. हाक आली नाही.
मेथी तशीच टाकून बाहेर गेले. पेपर मांडीवर होता.
मी हाक मारली.

त्यांनी ओ दिली नाही.

आता घरात मी एकटी. नात सुट्टीपुरती. मुलाने मोबाइल दिलाय. म्हणतो, "आई, तू ऑनलाइन दिसलीस की मला बरं वाटतं."
बाळा, तुझ्या बापाची पहिली चूक तीच होती.

कधी कधी मीच म्हणते, "आहेस का गं?" ओ पण मीच देते. त्यात काही राम नाही.

अहो, असाल तिथे स्वेटर घालून बसा. येते मी.

बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवू नका, मला सगळी सारखीच दिसतात. पाठवायचीच असेल तर घोटीच्या तांदळाची मऊ खिचडी पाठवा, त्यांना आवडायची तशी, वर तूप.
डबा दाराशी ठेवून जाऊ नका.
आधी हाक मारा. मी ओ दिली की मगच द्या.